पाचवं माप

अबू हलीफात समुद्राच्या बाजूला, एका सहा मजली इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर फखरुन्निसा शिकवणी घेते. रविवार ते गुरुवार, दुपारी तीन ते साडेचार, विषय गणित. मुलं तीनच. चौथं मूल ती घेत नाही, कारण जेवणाच्या टेबलाला खुर्च्या चार आणि चौथीवर ती स्वतः बसते. बँकांत आणि आयटीत नोकऱ्या करणाऱ्या मराठी घरांनी तिच्याकडे आधीपासून नंबर लावून ठेवलेले असतात. एखाद्या नव्या आईनं विचारलं की बाई कशा आहेत, तर जुन्या आया हसतात आणि म्हणतात, पोराच्या पेन्सिलीला टोक असू द्या म्हणजे झालं.

ते खरंच आहे. जाड रेघ दिसली की फखरुन्निसा वही मिटून परत करते. तिचं म्हणणं, रेघेला रुंदी आली की तिचा रस्ता होतो, आणि रस्ता काढायला इथं कुणी आलेलं नाही. कंपासचा स्क्रू ढिला असेल तर तो आधी आवळायचा, मग सलाम-नमस्कार. चौकोन काढायचा तर पहिल्यांदा कच्ची आकृती, नुसत्या हातानं, मापं लिहून. मग मोजपट्टी-कंपास घेऊन पक्की. ही कच्ची आकृती मुलांना फुकटची हमाली वाटते. अर्णव नावाचा आठवीतला मुलगा एकदा तिला म्हणाला होता, आंटी, व्हाय ड्रॉ इट ट्वाइस? तिनं शांतपणे सांगितलं की पहिल्या वेळी डोकं काढतं, दुसऱ्या वेळी हात, आणि तुझा हात आलाय, डोकं अजून वाटेत आहे.

ती मूळची श्रीवर्धनकडची. मराठी शाळेत शिकली, महाडला राहून बी.एस्सी. झाली, तेही गणित घेऊन. लग्न होऊन कुवेतला आली तेव्हा शाळेत नोकरी करायची फार इच्छा होती. पण पदवीच्या कागदावर इतके शिक्के लागत होते, की ते जमेपर्यंत पोटात माहीन होती, आणि माहीन शाळेत जाईपर्यंत पहिल्या शिक्क्याची मुदत संपली होती. मग पदवी कपाटात गेली आणि शिकवणी टेबलावर आली. त्याचं तिला वाईट वाटत नाही असं नाही, पण रडत बसण्याचा तिचा पिंड नाही.

तिचा नवरा कमाल फहाहीलच्या एका दुकानात मोकेट बसवायचं काम करतो. मोकेट म्हणजे भिंतीपासून भिंतीपर्यंतचा गालिचा. एकोणतीस वर्षं तो हेच करतोय. खोलीच्या दारात उभा राहून नुसत्या नजरेनं सांगतो, ही भिंत दोन बोटं बाहेर गेलीय, आणि फीत लावली तर दोन बोटंच निघतात. त्यामुळे मुदीरनं, म्हणजे दुकानाच्या मॅनेजरनं, लेझरचं मोजायचं यंत्र आणलं तेव्हा कमालच्या कपाळाला आठी पडली. यंत्र माणसाला आळशी करतं, असं तो चारचौघांत म्हणाला. मुदीरनं ते ऐकून घेतलं आणि काही बोलला नाही. न बोलणारा मुदीर बोलणाऱ्यापेक्षा वाईट, हे कमालला समजायला हवं होतं.

डिसेंबरात कमालचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, संपणार होता. दुकान पुढच्या वर्षासाठी अर्ज करेल की नाही, ते मुदीरच्या हातात. त्यानं सांगितलं होतं की बू सौदचं काम नीट होऊ दे, मग बघू. माहीन बारावीत होती आणि बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीत. इकामा नाही झाला तर ऐन परीक्षेच्या तोंडावर तिला उचलून गावी न्यावं लागणार होतं. या एका गोष्टीवरून त्या घरात महिनाभर कुणी मोठ्यानं बोललं नव्हतं.

बू सौद म्हणजे अगैलाकडचा एक वयस्क कुवेती गृहस्थ. कोपऱ्यावरच्या प्लॉटवर त्यानं नवं घर बांधलं होतं आणि त्यात पाहुण्यांना बसायची मोठी खोली, दिवाणिया. गुरुवारी संध्याकाळी तिथली पहिली बैठक भरणार होती. तुर्कस्तानातून नऊ बाय सात मीटरचा एकसंध तुकडा मागवला होता, मध्ये जोड नाही. तो खोलीच्या मापात कापून चारी कडांना नक्षीची किनार शिवायची होती. किनार कारखान्यातच शिवली जाते आणि तिला दोन दिवस लागतात, म्हणून कापायचं ते सोमवारी. एकदा किनार लागली की जागेवर जाऊन कातरून सारखं करायची सोय उरत नाही.

सोमवारच्या आदल्या दुपारी टेबलावर अर्णव, क्षितिजा आणि प्रणय बसले होते. फखरुन्निसानं दरवर्षीचा सापळा लावला होता. तिनं फक्त चार बाजू दिल्या: पाच, चार, सहा आणि साडेचार सेंटिमीटर. काढा चौकोन, म्हणाली आणि गप्प बसली. मुलांनी काढला. अर्णवचा ताठ उभा राहिला, प्रणयचा डावीकडे कलला. दोघांच्या चारही बाजू बरोबर, मिलिमीटरचा फरक नाही. झालं, दोघांत जुंपली. क्षितिजानं दोन्ही वह्या एकमेकींवर धरून उजेडात बघितल्या आणि गोंधळून बाईंकडे पाहिलं.

फखरुन्निसा म्हणाली, दोघंही बरोबर आणि दोघंही चूक. नुसत्या चार बाजूंचा चौकोन म्हणजे ढिली खाट, बाजूनं ढकलली की कलते. एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचं माप, म्हणजे कर्ण, मिळाला तर ती जागच्या जागी घट्ट होते. नाहीतर एखादा कोन तरी मिळायला हवा. पाचवं माप मिळाल्याशिवाय पेन्सिल उचलायची नाही.

तेवढ्यात तिच्या पाठीमागे ग्लास खाली ठेवल्याचा आवाज झाला. दुपारी घटकाभर पडलेला कमाल पाणी प्यायला आला होता आणि फ्रिजपाशी थांबून त्या दोन वह्यांकडे बघत होता. त्याचा चेहरा पार उतरला होता. त्यानं मानेनंच तिला स्वयंपाकघरात बोलावलं. तिनं मुलांना चार गणितं लावून दिली आणि आत गेली.

"फखरू, मी कर्ण नाय घेतला," तो म्हणाला.

मग त्यानं सगळं सांगितलं. बुधवारी तो बू सौदकडे माप घ्यायला गेला. चारी भिंती मोजून झाल्या, कागदावर लिहिल्या, आता फीत आडवी टाकायची, एवढ्यात बू सौदचे दोन भाऊ नवं घर बघायला आले. म्हाताऱ्यानं कमालला हाताला धरून बसवलं. दिवाणियात पाऊल टाकलेला माणूस पाहुणा, मग तो फीत घेऊन आलेला असो. कॉफी झाली. कमालनं पेला हलवून पुरे म्हणून सांगितलं, तर चहा आला. चहा झाला आणि म्हाताऱ्यानं ऊद जाळलेलं धुपाटणं फिरवलं. ज्यानं कुवेतात इतकी वर्षं काढली, त्याला हे सांगावं लागत नाही. धुपाटणं फिरलं की बैठक संपली, आता उठायचं. पाहुणे उठले, त्यांच्याबरोबर कमालही उठला, छातीवर हात ठेवून सलाम केला आणि बाहेर पडला. कर्ण तसाच राहिला. गाडीत बसल्यावर आठवलं होतं, पण परत जाऊन दार वाजवणं बरं दिसेना. दुसऱ्या दिवशी बू सौद बायकामुलांसह इस्तंबूलला गेला, घराला कुलूप लागलं, घरकामाच्या माणसांनाही सुट्टी दिली. येणार ते थेट गुरुवारी सकाळी. कमालनं स्वतःची समजूत घातली होती की चारी भिंतींची मापं हातात आहेत, तेवढ्यावर कापता येईल. आत्ता त्या पोरांच्या वह्या बघेपर्यंत ती समजूत टिकली होती.

फखरुन्निसाला आधी राग आला. तो तिनं गिळला नाही. ती म्हणाली की तुमचा अदब तुम्हाला खाणार एक दिवस, आणि मुदीरला सांगून लेझरवाला माणूस का नाही नेला. मग तिचं लक्ष त्याच्या हातांकडे गेलं. ज्या हातांनी तो मोजमाप करायचा ते हात ओट्याच्या कडेला नुसते पडले होते. माहीनच्या खोलीचं दार बंद होतं, आत ती रसायनशास्त्र पाठ करत होती, आणि तिला यातलं काही कळता कामा नये, हे दोघांनाही न बोलता समजलं.

तिनं कागद मागितला. त्यावर चारी भिंती ओळीनं लिहिल्या होत्या, मीटर-सेंटिमीटरमध्ये: आठ चाळीस, सहा पन्नास, सात एकसष्ट, सहा. चारी कोपरे काटकोनात असते तर समोरासमोरच्या भिंती सारख्या आल्या असत्या. त्या सारख्या नव्हत्या, तेव्हा खोली कुठंतरी तिरकी होती. तिनं त्याला विचारलं, कुठला कोपरा सरळ वाटला, आठवतं का. त्याला आठवेना. खिडकी आठवली, पेल्यावरची सोनेरी नक्षी आठवली, कोपरा आठवेना. मग तिनं विचारलं की जमिनीवर काय होतं. फरशी, तो म्हणाला, साठ बाय साठची, फिकट रंगाची. आणि बोलता बोलता त्यानं खिशातून फोन काढला. रंग पसंत करण्यासाठी त्यानं मोकेटचे तीन नमुने दाराजवळच्या कोपऱ्यात टाकून फोटो काढला होता.

दोघं फोनवर वाकले. नमुन्यांच्या मागे कोपरा दिसत होता, आणि त्याच्या दोन्ही भिंतींच्या कडेनं अख्ख्या फरश्या लागल्या होत्या. कुठं कापलेला तुकडा नाही, कुठं पाचर नाही. फरशीच्या रेघा दोन्ही भिंतींना धरून गेल्या होत्या. फखरुन्निसानं फोटो मोठा केला, लहान केला, परत मोठा केला. त्या कोपऱ्याच्या दोन भिंती कुठल्या, तिनं विचारलं. आठ चाळीसची आणि सहाची, कमाल म्हणाला, दार तिथंच हाय.

तिनं तिथंच, ओट्यावर, भागाकार केला. आठशे चाळीस भागिले साठ, चौदा. सहाशे भागिले साठ, दहा. बाकी शून्य, दोन्हींकडे. फरशी बसवणाऱ्या मिस्त्रीनं त्या कोपऱ्यापासून सुरुवात केली असणार आणि बाकीच्या दोन तिरक्या भिंतींना तुकडे कापून लावले असणार. फरशी काटकोनात असते, म्हणून तो कोपरा काटकोनात. पाचवं माप मिळालं होतं. निदान तसं वाटत होतं.

बाहेर मुलं होती म्हणून तिनं ओट्यावरच कागद पसरला. आधी कच्ची आकृती. मग मीटरला एक सेंटिमीटर धरून पक्की. आठ पूर्णांक चारचा पाया, त्याच्या डाव्या टोकाला गुण्या लावून काटकोन, त्यावर सहा. पायाच्या उजव्या टोकावरून साडेसहाचा कंस, वरच्या टोकावरून सात पूर्णांक सहाचा. दोन कंस जिथं छेदले तिथं चौथा कोपरा. कमाल एवढा वेळ तिच्या खांद्याजवळ उभा होता. बावीस वर्षांच्या संसारात त्यानं तिला कंपास चालवताना इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. तिनं काटकोनासमोरचा कर्ण मोजला आणि कागदाच्या कोपऱ्यात लिहिला: दहा पूर्णांक तीन.

सोमवारी सकाळी माहीन शाळेत गेल्यावर दोघं शुवेखला दुकानाच्या गोदामात गेले. गालिचा पालथा पसरलेला होता, पाठीचा तागाचा रंग वर, म्हणून आकृती आरशातल्यासारखी उलटी, डाव्याचं उजवं करून काढायची होती. कमालनं सुतळी आणली होती, ती तिनं बाजूला ठेवायला लावली. सुतळी ताणली की लांब होते, लोखंडी फीतच हवी. त्यानं सुतळी गुंडाळून ठेवली. काटकोन मात्र त्यानं तिला काढू दिला नाही. एका बाजूला तीन मीटर, दुसरीला चार, आणि मधलं अंतर बरोबर पाच येईपर्यंत खडूची खूण सरकवत राहिला. ही युक्ती त्याला कुठल्या पुस्तकानं नव्हे, त्याच्या उस्तादानं शिकवली होती. तिनं मान डोलावली. तिच्या गुण्यानं एवढ्या मोठ्या जागेत हा काटकोन निघाला नसता.

मग त्यानं फितीचं टोक एका कोपऱ्यावर अंगठ्यानं दाबून धरलं आणि फखरुन्निसा ओढणी कमरेला खोचून, दुसऱ्या टोकाला खडू धरून, वाकून मागे मागे सरकत गेली. एक कंस झाला. दुसऱ्या कोपऱ्यावरून दुसरा. दोन रेघांनी एकमेकींना कापलं. तिनं सगळं पुसून पुन्हा काढायला लावलं आणि दुसऱ्या वेळीही खूण तिथंच आली. शेवटी दोघांनी मिळून तोच कर्ण मोजला. दहा मीटर बत्तीस सेंटिमीटर. तो आकडा तिनं आपल्या कागदावर लिहून घेतला.

कमालनं सुरी उचलली आणि थांबला. कपाळावर घाम आला होता. गोदामातले दोघे-तिघे कामगार बघत होते. फखरुन्निसाला वाटलं, फोटोत सगळ्या रेघा सरळच दिसतात, आपण नवऱ्याला एका फोटोच्या भरवशावर खड्ड्यात ढकलतोय की काय. पण आता मागं फिरून कुठं जाणार.

"बिस्मिल्ला म्हणा नि कापा," ती म्हणाली. "चूक झाली तर माझी."

त्यानं कापलं.

मंगळवार-बुधवार कसे गेले, ते तिचं तिला ठाऊक. भात दोनदा करपला. रात्री डोळा लागला की फरशीच्या रेघा वाकड्या व्हायला लागायच्या आणि ती दचकून उठायची. माहीननं विचारलं, मम्मी, आर यू ओके? तर तिनं पित्ताचं नाव सांगितलं. बुधवारी प्रणयनं बोटभर जाड रेघ काढली आणि बाईंनी बरोबरची खूण केली. मुलं एकमेकांकडे बघत राहिली. घरी जाऊन प्रणयनं आईला सांगितलं की आंटी आजारी आहेत.

गुरुवारी सकाळी नऊला कमाल गाडीत गालिचा घालून निघाला. मुदीर स्वतः बरोबर गेला. फखरुन्निसानं ओटा घासला, मग घासलेला ओटा पुन्हा घासला. साडेदहा झाले. पावणेअकरा झाले. फोन टेबलावर होता आणि ती त्याच्याकडे पाठ करून उभी होती. अकराला तो वाजला.

"दहा बत्तीस," कमाल म्हणाला.

तो हळू आवाजात सांगत होता की गालिचा अजून गाडीतच आहे, आधी रिकाम्या खोलीत फीत टाकली, कोपरा ते कोपरा. दोनदा टाकली. दहा बत्तीस. ती हो म्हणाली, की नुसता श्वास सोडला, तिला आठवत नाही. फोन ठेवला आणि खुर्चीत बसली. मग तिला रडू आलं, आणि रडताना हसूही आलं, आणि घरात कुणी नव्हतं म्हणून तिनं दोन्ही पोटभर करून घेतलं.

तासाभरानं निरोप आला. गालिचा बसला होता, चारी भिंतींना बोट शिरत नव्हतं. बू सौदनं मुदीरला कॉफी पाजली. मुदीरनं दुकानात फोन करून कमालचा इकामा नव्या वर्षासाठी टाकायला सांगितलं, कागद रविवारी जाणार होते. फखरुन्निसानं तो निरोप तीनदा वाचला. माहीन इथंच परीक्षा देणार होती. बाकी काही नसलं तरी चालणार होतं. ती जरा पाठ टेकावी म्हणून पलंगावर आडवी झाली.

जाग आली ती बाहेरच्या आवाजानं. चार वाजून गेले होते. शिकवणी. इतक्या वर्षांत एकदाही बुडाली नव्हती. ती धडपडून उठणार, तोच तिला कळलं की बाहेर बोलणारा आवाज कमालचा आहे. तो घरी आला तेव्हा मुलं जिन्यात बसलेली असणार. आता तो टेबलाशी त्यांच्यासमोर बसला होता आणि त्यांना एका खोलीच्या चार भिंतींची मापं सांगत होता.

"काढा हिचा चौकोन," तो म्हणाला.

मग क्षितिजाचा आवाज आला. तिनं विचारलं की अंकल, पाचवं माप?

"मी नाय विचारलं ते," कमाल म्हणाला. "एकोणतीस वर्षं ह्या धंद्यात हाय, तरी नाय विचारलं. तुमच्या मॅडमनी काढून दिलं, नायतर माझी नोकरी गेली होती."

अर्णव काहीतरी मोठ्यानं म्हणाला आणि तिघं हसली. कमालनं त्यांना गप्प केलं.

"हळू बोला. चार रात्री झोपल्या नायत त्या."

तिला वाटत होतं, त्याला पत्ताच नसेल. रोज रात्री तो तिच्याकडे पाठ करून पडलेला असायचा आणि ती अंधारात छताकडे बघत पडायची. फखरुन्निसानं पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं. बाहेर पेन्सिली कागदावर फिरत होत्या. उठून वह्या बघायला हव्या होत्या, रेघा जाड असणार होत्या. ती कुशीवर वळली आणि पुन्हा झोपली.